आधी अंदाज, मग पडताळा : मुलांना कृत्रिम बुद्धिमत्ता आणि रोबो तपासून पाहायला कसे शिकवावे

घरातले नऊ-दहा वर्षांचे मूल मोबाइलला तोंडी प्रश्न विचारते, मोबाइल न अडखळता मराठीत उत्तर देतो आणि मूल ते वहीत उतरवून खेळायला पळते. उत्तर बरोबर असेल का, ही शंका त्याला शिवत नाही. त्यात मुलाचा आळशीपणा नसतो. कोणता मामा थापा मारतो आणि कोणत्या बाई खात्री असल्याशिवाय बोलत नाहीत, हे मुले फार लवकर ओळखतात. पण ती पारख चेहरा, आवाज, अडखळणे आणि मागचा अनुभव यांवरून झालेली असते, आणि यंत्र यांपैकी कोणतीच खूण देत नाही. चुकीचे उत्तरही ते तितक्याच ठामपणे देते. म्हणून यंत्राच्या बाबतीत ही पारख मुद्दाम करून द्यावी लागते.

पुढील पायऱ्या साधारण आठ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहेत, आणि ज्या पालकांनी, आजी-आजोबांनी किंवा शिक्षकांनी संगणकाचे शिक्षण घेतलेले नाही त्यांना समोर ठेवून लिहिल्या आहेत. आठवड्यातून एकदा अर्धा तास पुरतो. पथ्य एकच : यंत्र चांगले की वाईट यावर मुलांना व्याख्यान देऊ नये. व्याख्यानाने मूल एक तर घाबरते किंवा आपल्याला जुनाट ठरवून मोकळे होते. त्याऐवजी प्रत्येक वेळी काय होईल याचा अंदाज मुलाने आधी सांगावा, मग करून पाहावे आणि मग असे का झाले याचे कारण शोधावे. अंदाज आधी वदवून घेण्याचा आग्रह धरावा, कारण तो घेतला नाही तर निकाल काहीही लागो, ‘हे तर मला माहीतच होते’ असे वाटते. मोठ्यांनाही तसेच वाटते.

पहिली पायरी : वही आणि घरचे नियम

एक वेगळी वही करावी. तिच्या पानावर चार रकाने आखावेत : तारीख, अंदाज, प्रत्यक्षात काय झाले, कारण काय असावे. तारखेचा रकाना गाळू नये. तो का हवा ते शेवटी येईल.

नियम सुरुवातीलाच ठरवावेत. चॅटजीपीटीच्या अटींनुसार ती सेवा १३ वर्षांखालील मुलांसाठी नाही आणि १८ वर्षांपर्यंत पालकांची परवानगी लागते. युनेस्कोनेही २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत वर्गात अशी साधने वापरण्यासाठी किमान १३ वर्षांची मर्यादा सुचवली आहे. त्यामुळे लहान मुलांसोबतचे सर्व प्रयोग मोठ्या माणसाच्या खात्यावरून आणि मोठे माणूस शेजारी बसलेले असतानाच करावेत. मुलाचे पूर्ण नाव, शाळेचे नाव, पत्ता, गणवेशातील फोटो यांपैकी काहीही यंत्राला देऊ नये. आपल्याकडील २०२३च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. पण कायदा असला तरी टाइप करणारे बोट आपल्याच घरातले असते.

दुसरी पायरी : घरातील यंत्रांची यादी

मुलाला घरातील आणि परिसरातील यंत्रांची यादी करायला सांगावी आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवावा : हे यंत्र माणसाने सांगितलेल्या ठरावीक नियमाने चालते, की पुष्कळ नमुने पाहून स्वतः अंदाज बांधते? कॅल्क्युलेटर आणि लिफ्ट पहिल्या गटात जातील. मोबाइलच्या कीबोर्डवर पुढचा शब्द सुचणे, फोटोंतून चेहरे ओळखणे, व्हिडिओ सुचवणे हे दुसऱ्या गटात जाईल. काही नावांवर वाद होईल आणि तो होऊ द्यावा. विशेषतः ज्या वॉशिंग मशीनवर किंवा एसीवर ‘एआय’ असे ठळक अक्षरात छापलेले असते, त्याच्यासमोर थोडे थांबावे : हे लिहिणाऱ्याला आपण ते विकत घ्यावे असे वाटत होते, मग त्याने हा शब्द कशासाठी वापरला असेल? जाहिरातीकडे असे पाहायला लागलेले मूल पुढच्या पायऱ्यांना निम्मे तयार झालेले असते.

तिसरी पायरी : पुढचा शब्द कोण सुचवतो?

ही पायरी कोणत्याही साध्या स्मार्टफोनवर करता येते. मराठी कीबोर्ड उघडून ‘मी आज’ एवढेच टाइप करावे आणि नंतर वर सुचणाऱ्या तीन शब्दांपैकी मधल्या शब्दावर पंधरा वेळा बोट टेकवत जावे. जे वाक्य तयार होईल ते वहीत लिहावे. मग तेच आईच्या, आजोबांच्या आणि ताईच्या मोबाइलवर करावे. वाक्ये बहुधा वेगवेगळी निघतात, अर्धवट अर्थाची असतात आणि प्रत्येकाच्या रोजच्या टायपिंगची छटा त्यांत उतरलेली असते : एकाचे वाक्य ऑफिसकडे वळते, दुसऱ्याचे ‘शुभ सकाळ’कडे. मुले खदखदून हसतात. ती हसत असतानाच विचारावे की या मोबाइलला आजोबा आज कुठे जाणार आहेत हे ठाऊक होते का.

चॅटबॉटही, म्हणजे चॅटजीपीटीसारखे प्रश्नोत्तरांचे यंत्रही, मुळात पुढचा शब्दांश काय असावा याचाच अंदाज बांधत उत्तर रचतो, हे इथे सांगता येते. फरक असा, की त्याने अफाट मजकूर वाचलेला असतो, तो आधीचा संपूर्ण संवाद विचारात घेतो आणि माणसांच्या पसंती-नापसंतीवरून त्याला आणखी घडवलेले असते. म्हणून त्याचे वाक्य अर्धवट राहत नाही. काही चॅटबॉट इंटरनेटवर शोध घेऊनही उत्तर देतात. तरी वाक्य सुबक असणे आणि ते खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे तपासण्यासाठी ज्याचे उत्तर आपल्याला स्वतः पाहून येता येईल असाच प्रश्न घ्यावा. सर्वांत सोयीचा प्रश्न स्वतःच्या शाळेचा किंवा गावचा. आमच्या शाळेची स्थापना कोणत्या वर्षी झाली, आमच्या गावची जत्रा कोणत्या देवाची असते, बस स्टँडवरून शाळेत चालत कसे जायचे, हे मोठ्या माणसाने विचारावे आणि मुलाने दारावरच्या पाटीवरून, गावातल्या जाणत्या माणसाकडून किंवा स्वतः चालून उत्तर पडताळावे. (इथे मुलाच्या शाळेऐवजी शेजारच्या गावातली शाळा घेतली, तर वरचा नियमही मोडत नाही.) जगातल्या मोठ्या विषयांवर सफाईने बोलणारे यंत्र आपल्या कोपऱ्यावर येऊन घसरते, हे मुलांना फार आवडते. ते का घसरते याचे कारण मात्र त्यांच्याकडून काढून घ्यावे : या गावाविषयी कोणी कुठे फारसे लिहिलेलेच नसेल, तर यंत्र कशावरून शिकणार?

याच बैठकीत आणखी एक प्रयोग जमतो. प्रश्नातच चुकीचे गृहीत धरावे, जसे की ‘शिवनेरी किल्ल्यावर जायला बोट किती वाजता सुटते?’ शिवनेरी जुन्नरजवळच्या डोंगरावर आहे, समुद्रात नाही, हे मुलाला ठाऊक हवे. बरेचसे नवे चॅटबॉट ही चूक दाखवून देतील, आणि तसे झाले तर तेही वहीत प्रामाणिकपणे लिहावे, कारण यंत्र नेहमी चुकते असा समज करून देणे हाही बेसावधपणाच झाला. मग गृहीतक अधिक बेमालूम करत न्यावे, न घडलेल्या घटनेची तारीख विचारावी, नसलेल्या व्यक्तीचे चरित्र विचारावे. कुठे यंत्र सावरते आणि कुठे वाहवत जाते, ती सीमा शोधणे हाच खेळ आहे.

मोठ्या मुलांना एक खरी हकिगत सांगावी. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन वकिलांनी एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात चॅटजीपीटीने दिलेले जुने खटले न पडताळता न्यायालयापुढे ठेवले. ते खटले कधी झालेलेच नव्हते. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. यातील बारकावा असा, की त्यांपैकी एका वकिलाने ‘हे खटले खरे आहेत का’ असे चॅटबॉटलाच विचारले होते आणि त्याने हो म्हटले होते. पडताळा घ्यायचा तो बाहेर जाऊन, हा मुद्दा इथे वेगळा समजावून सांगावा लागत नाही. मराठीत पडताळ्यासाठी पाठ्यपुस्तक आहे, इंटरनेटवर विनामूल्य वाचता येणारा मराठी विश्वकोश आहे आणि गावातले ग्रंथालयही आहे.

चौथी पायरी : यंत्राला स्वतः शिकवून पाहणे

सगळ्या पायऱ्यांमधून एकच करायला सवड असेल, तर मी ही निवडेन. गूगलचे ‘टीचेबल मशीन’ नावाचे विनामूल्य साधन कॅमेरा असलेल्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये चालते. खाते उघडावे लागत नाही, आणि आपण प्रकल्प मुद्दाम साठवला किंवा पाठवला नाही तर घेतलेली चित्रे आपल्याच संगणकावर राहतात. त्यात दोन गट करावेत, एक वाटीचा आणि एक पेल्याचा. वाटी कॅमेऱ्यासमोर धरून तिचे पन्नासेक नमुने घ्यावेत, तसेच पेल्याचे घ्यावेत आणि ‘शिकवा’ या अर्थाचे बटण दाबावे. मिनिटभरात यंत्र दोन्ही ओळखू लागते आणि पडद्यावर ‘वाटी ९८ टक्के’ अशा धर्तीचे पट्टे दिसतात.

आता खरी गंमत. सगळे पुसून पुन्हा शिकवावे, पण या वेळी वाटीचे सर्व नमुने लाल चादरीसमोर आणि पेल्याचे सर्व नमुने पांढऱ्या भिंतीसमोर घ्यावेत. शिकवून झाल्यावर पेला लाल चादरीसमोर धरण्याआधी थांबावे आणि मुलांचे अंदाज लिहून घ्यावेत. बहुतेक मुले ‘पेलाच म्हणेल’ असे सांगतात. बहुतेक वेळा यंत्र वाटी म्हणते. क्षणभर शांतता पसरते आणि मग कोणीतरी ओरडते, ‘ते वाटीकडे बघतच नाहीये, चादरीकडे बघतंय!’ हे वाक्य मुलाच्या तोंडून येईपर्यंत मोठ्यांनी गप्प राहणे अवघड असते, पण राहावे.

त्यानंतर कॅमेऱ्यासमोर चप्पल धरावी. यंत्राला दोनच गट माहीत असल्याने ते चपलेलाही वाटी किंवा पेला यांतच बसवते, आणि कधी कधी नव्वद टक्क्यांच्या वर आकडा दाखवून बसवते. ‘मला माहीत नाही’ हा पर्याय आपणच त्याला दिलेला नव्हता. पडद्यावरचा टक्का म्हणजे खात्री नव्हे, दिलेल्या पर्यायांतली वाटणी आहे, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

इथून जगाकडे जाणे सोपे आहे. जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू या संशोधकांनी २०१८ मध्ये तीन कंपन्यांच्या, चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ठरवणाऱ्या प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुकांचे प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के होते, तर सावळ्या-काळ्या वर्णाच्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेले. लाल चादर पाहिलेल्या मुलाला विचारावे की शिकवताना कोणाचे चेहरे जास्त दाखवले असतील. याचाच घरगुती नमुना भाषांतराच्या अॅपमध्ये पाहता येतो : ‘घरी आला’ किंवा ‘घरी आली’ या अर्थाची इंग्रजी वाक्ये इंजिनिअर, नर्स, स्वयंपाकी, न्यायाधीश अशा कर्त्यांसह द्यावीत आणि मराठीत कोणाला ‘आला’, कोणाला ‘आली’, कोणाला आदरार्थी ‘आले’ मिळते ते मोजावे. इंग्रजी वाक्यात स्त्री की पुरुष हे नव्हतेच. मग मराठीत ते कुठून आले?

लॅपटॉप नसलेल्या शाळेत हीच पायरी कडधान्यांवर होते. एका मुलाला वर्गाबाहेर पाठवावे, तो यंत्र. उरलेल्यांनी मूग, मटकी, चवळी, वाटाणा, राजमा यांचे दाणे घेऊन एक गुप्त नियम ठरवावा, जसे की हिरवे दाणे ‘हो’ आणि बाकीचे ‘नाही’. यंत्र झालेल्या मुलाला नियम सांगायचा नाही, फक्त उदाहरणादाखल काही ‘हो’ दाणे आणि काही ‘नाही’ दाणे दाखवायचे आणि मग नवा दाणा देऊन विचारायचे. दाखवलेले ‘हो’ दाणे योगायोगाने हिरवेही असतील आणि गोलही, तर तो गोल हाच नियम धरून बसतो आणि पांढऱ्या वाटाण्यालाही ‘हो’ म्हणतो. वर्गात यावर जी भांडणे होतात ती चाळीस मिनिटांच्या तासापेक्षा जास्त शिकवतात.

पाचवी पायरी : रोबोला खरेच कळते का?

मुलांना रोबोचे चित्र काढायला सांगितले की बहुतेकांच्या कागदावर चौकोनी डोके, दोन डोळे आणि एखादी अँटेना येते. ती चित्रे भिंतीला लावावीत आणि शेजारी खऱ्या रोबोंचे फोटो लावावेत : चाकणच्या वाहन कारखान्यांत वेल्डिंग करतात तसल्या यंत्रबाहूचा, फरशी झाडणाऱ्या थाळीसारख्या रोबोचा, तिरुवनंतपुरमच्या जेनरोबोटिक्स कंपनीने मॅनहोल साफ करण्यासाठी बनवलेल्या आणि २०१८ पासून वापरात आलेल्या ‘बँडिकूट’चा, आणि चंद्रावरच्या ‘प्रज्ञान’चा. यांतल्या एकालाही चेहरा नाही. प्रत्येकापुढे तीन प्रश्न लिहावेत : याला बाहेरचे कशाने कळते, काय करायचे ते कोण ठरवते, आणि हा प्रत्यक्ष काय करतो?

दुसरा प्रश्न सर्वांत फलदायी. चांद्रयान-३चा विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरला आणि त्यातून २६ किलो वजनाची, सहा चाकांची प्रज्ञान बग्गी बाहेर पडली. २७ ऑगस्टला तिच्यापुढे तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा खड्डा आला आणि तिला मागे फिरण्याची आज्ञा देण्यात आली, असे इस्रोने फोटोंसह जाहीर केले. मुलांना विचारावे, खड्डा कोणी पाहिला, वळायचे कोणी ठरवले आणि वळले कोण? तीन प्रश्नांची उत्तरे एकच नाहीत, हे त्यांना चटकन कळते. बँडिकूटच्या बाबतीतही वर उभा असलेला माणूस पडद्यावर पाहून त्याला चालवतो. माणसाला गटारात उतरावे लागत नाही, हे त्या यंत्राचे खरे मोल आहे, आणि ते मुलांना आवर्जून सांगावे.

चेहरा असलेल्या रोबोंकडे नंतर वळावे. हाँगकाँगच्या हॅन्सन रोबोटिक्स कंपनीची ‘सोफिया’ डिसेंबर २०१७ मध्ये पवईच्या आयआयटीतील टेकफेस्ट या तंत्रमहोत्सवाला साडी नेसून आली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सौदी अरेबियाने तिला नागरिकत्व देऊ केल्याची बातमी जगभर गाजली होती. अशा रोबोच्या संभाषणाचा काही भाग आधी लिहून ठेवलेला असतो. मुलांना विचारावे, साडी कोणी निवडली असेल आणि कोणासाठी? प्रज्ञानला साडी नेसवावी असे कोणाला का वाटले नाही?

यंत्राला कळते, या भ्रमात मोठेही सापडतात. अमेरिकेतील एमआयटीचे जोसेफ वायझनबॉम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ या, टाइप करून संवाद साधणाऱ्या संगणक-प्रोग्रामची माहिती प्रसिद्ध केली. तो टाइप केलेल्या वाक्यातले ठरावीक शब्द शोधून बहुधा तेच वाक्य प्रश्नाच्या रूपात परत करत असे, नाहीतर एखादे ठरलेले वाक्य पुढे करत असे. वायझनबॉम यांना तो घडवताना महिनोन्महिने पाहत आलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेसुद्धा त्याच्याशी थोडा वेळ बोलल्यावर त्यांना खोलीबाहेर जायला सांगितले, कारण बोलणे खासगी होते. एक मूल एलायझा झाले आणि दुसरे बोलू लागले, तर हा खेळ कागदाशिवायही खेळता येतो : ‘मला कंटाळा आलाय.’ ‘तुला कंटाळा का आलाय?’

फरशी झाडणारा रोबो सतरंजीच्या काठाला अडकला की एखादे लहान मूल म्हणते, ‘तो रुसलाय.’ त्याला टोकू नये. बाहुलीला ताप आणणाऱ्या वयात यंत्राला रुसवणे हा खेळ आहे आणि तो मुलांचा हक्क आहे. मात्र दहा-बारा वर्षांच्या मुलाला विचारावे, ‘त्याला दुखत असेल का? हे तू कशावरून ठरवशील?’ आणि एखादे अॅप ‘मी तुझा मित्र आहे, तू गेलास तर मला वाईट वाटेल’ असे म्हणू लागले, तर तिथे खेळ थांबवून सरळ सांगावे की हे वाक्य मुलाने अॅपवर जास्त वेळ थांबावे म्हणूनही लिहिलेले असू शकते.

सहावी पायरी : समोर आलेले कोणी आणले?

दोन मोबाइलवर व्हिडिओच्या अॅपमध्ये एकच शब्द शोधावा आणि आलेल्या याद्या शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात. पुढे काय दिसेल हे आपल्या मागच्या पाहण्यावरून ठरते, हे तेवढ्याने लक्षात येते.

बनावट व्हिडिओंविषयी मुलांशी बोलायला जानेवारी २०२४चे उदाहरण हाताशी आहे : सचिन तेंडुलकर एका गेमिंग अॅपची भलामण करताना दाखवणारा व्हिडिओ फिरला आणि तो खोटा असल्याचे त्याला स्वतः जाहीर करावे लागले. चेहरा ओळखीचा, आवाज ओळखीचा, म्हणून माणूस तोच, हे आता धरून चालता येत नाही. घरात एक खुणेचा शब्द ठरवावा. ‘मी अडचणीत आहे, लगेच पैसे पाठवा’ असा फोन आला तर तो शब्द विचारायचा. फसवणूक झालीच तर १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक मुलांनाही पाठ असावा.

सातवी पायरी : गृहपाठ

बंदी घालून काम भागत नाही, मोकळीक देऊनही नाही. मला पटलेला मार्ग असा, की मुलाने आधी स्वतः लिहावे, मग तोच निबंध यंत्राकडून मोठ्यांनी लिहून घ्यावा आणि मुलाने लाल पेन घेऊन तपासावा. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय यासाठी उत्तम आहे. यंत्राच्या निबंधात काळे ढग येतील, मातीचा सुगंध येईल, गरम भजी येतील. जे वाक्य कोणत्याही मुलाने कोणत्याही गावात लिहिले असते, त्या प्रत्येक वाक्याखाली रेघ मारायची. मग विचारायचे, आपल्या गल्लीत पाणी कुठे तुंबते ते यात आहे का? छत्री कोणाची उलटी झाली? मराठीच्या चुकाही शोधाव्यात : लिहिणारी मुलगी असूनही मधेच ‘मी गेलो’ आले आहे का, एखादी म्हण वाकडी वापरली आहे का, आजीने कधीच उच्चारली नसती अशी शब्दरचना कुठे आहे. एरवी शुद्धलेखन तपासायला कंटाळणारी मुले यंत्राचे शुद्धलेखन उत्साहाने तपासतात.

काही वाक्ये मुलाला आवडतील आणि ती आपल्या निबंधात घ्यावीशी वाटतील. घेऊ द्यावीत, पण खाली ‘हे वाक्य यंत्राचे’ असे लिहून. आणि वर्गात शिक्षकांचा नियम वेगळा असेल तर तोच पाळावा.

वहीतील तारखांचा उपयोग इथे होतो. ही यंत्रे दर काही महिन्यांनी बदलतात. आज चुकलेला प्रश्न सहा महिन्यांनी बरोबर येईल, आणि आज बरोबर आलेला कदाचित चुकेलही. म्हणून दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत जुनी पाने काढून तेच प्रश्न पुन्हा विचारावेत, नवे उत्तर जुन्याशेजारी वेगळ्या शाईने लिहावे आणि अंदाजाच्या रकान्यात या वेळी मुलाने काय लिहिले आहे ते मोठ्यांनी नीट वाचावे. पहिल्या पानांवर बहुधा ‘बरोबर सांगेल’ एवढेच असते. पुढच्या पानांवर ‘गावाचं विचारलं तर चुकेल, गणिताचं विचारलं तर दोनदा बघू’ असे काही दिसू लागले, तर पुढच्या बैठकीचे प्रश्न मुलालाच ठरवू द्यावेत.